ऐकू येणारी रात्र

1950च्या दशकातल्या हिंदी सिनेमातली रात्र म्हटली की लोकांना चंद्र आठवतो. तळ्याकाठची होडी, हलणारी फांदी, पाठमोरी नायिका. यातल्या बऱ्याच रात्री मला आज पोकळ वाटतात. तेव्हाच्या फिल्मला उजेड भरपूर लागायचा, त्यामुळे कित्येक रात्री भर दुपारी फिल्टर लावून चित्रित व्हायच्या आणि झाडाखाली उन्हाची सावली तशीच दिसत राहायची. त्या काळची खरी रात्र कानांनी अनुभवायची असते, असं माझं ठाम मत आहे.

‘महल’ (1949) घ्या. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा हा पहिलाच चित्रपट. बॉम्बे टॉकीजचे जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी त्यात सावल्या सुरेख टिपल्या आहेत, पण अंगावर काटा येतो तो खेमचंद प्रकाश यांच्या संगीताने. घड्याळाचे टोले पडतात आणि ओसाड हवेलीत कुठूनतरी एका गाण्याचा आवाज उमटतो. हा आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून लतादीदींना मायक्रोफोनपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला सांगितलं होतं. चालत कापलेलं ते अंतर आजही ऐकू येतं. पहिल्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. म्हणजे गाणाऱ्या बाईचा चेहराच नव्हे, नावही अंधारात राहिलं. चित्रपटाला आणि या गाण्याला अफाट यश मिळालं. ते पुरतं पाहायला खेमचंद प्रकाश उरले नाहीत. 1950मध्येच ते गेले.

रेडिओला तर डोळे नाहीतच. 1952मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं आणि घरोघरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’. शॉर्टवेव्हवर आवाज कधी फुगायचा, कधी खरखरीत बुडायचा, आणि माणसं रेडिओला कान लावून बसायची. ‘महल’मध्ये जे अंतर गायिकेने चालून दाखवलं, ते इथे हवाच घडवत होती. विविध भारती 1957मध्ये आली, गाणी घरच्या केंद्रांवर परतली. तरी ती लांबून येणारी रात्र मला अधिक मोलाची वाटते.

नभोनाट्यात या अंधाराचं सर्वांत धीट रूप धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’मध्ये आहे. 1954मध्ये प्रसिद्ध झालेली ही कृती आधी आकाशवाणीच्या अलाहाबाद केंद्रावरून लोकांपर्यंत गेली. मुंबईत सत्यदेव दुबेंनी ती 1962मध्ये रंगमंचावर आणली. झोपलेल्या शिबिरात अश्वत्थामा शिरतो तो संहार इथे शब्दांतून ऐकायचा असतो. घुबड आणि कावळ्याची झटापट तर मिट्ट काळोखातच जास्त भयंकर होते. फाळणी पाहिलेल्या पिढीला ती रात्र पुराणातली वाटली नसणार.

आणि ‘जागते रहो’ (1956). शंभू मित्र आणि अमित मैत्र यांचं दिग्दर्शन, सलील चौधरींचं संगीत. कलकत्त्यात आलेला तहानलेला खेडूत नळाशी वाकतो, कुत्रं भुंकतं, ‘चोर चोर’ ओरडा होतो आणि तो एका इमारतीत शिरतो. पुढे रात्रभर जिन्यावर पावलं, दारांवर थापा. प्रतिष्ठितांच्या घरांत खोट्या नोटा छापल्या जातात, नवरा बायकोचे दागिने चोरतो. हे सगळं तो लपून पाहतो. राज कपूर जवळजवळ संपूर्ण चित्रपट गप्प आहेत. त्यामुळे आपणही त्यांच्यासारखेच दाराआडून कानोसा घेत राहतो. पुढे रंग आले, निळ्या प्रकाशातली रात्र नेत्रसुखद झाली, पण असा कानोसा घ्यायला लावणारे चित्रपट विरळ झाले.

पहाट होते ती भैरवातून. लताबाईंचा आवाज आधी येतो, खेडूत त्या दिशेने चालत जातो, झाडांना पाणी घालणारी नर्गिस दिसते. तो ओंजळ पुढे करतो. ती काही विचारत नाही, पाण्याची धार धरते, आणि तो पीत राहतो.