दहापैकी किती? : नव्या रॉक अल्बमांचे गुण आणि समीक्षकाची जबाबदारी

मागच्या वेळी आपण ह्यूमच्या अभिरुचीवरच्या निबंधापाशी थांबलो होतो. त्यातली एक गोष्ट आज लागणार आहे, म्हणून थोडक्यात पुन्हा सांगू. सर्व्हान्टिसच्या सांचोच्या कुळातले दोघे जण, वाइनचे पारखी. पिंपातली वाइन चाखून एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली!

वाइनचं पिंप रिकामं करता येतं. पण नव्या अल्बमचा तळ कसा गाठायचा? तिथे किल्ली कुठे सापडणार? आजचा विषय हाच आहे. त्यासाठी आपण अमेरिकेतल्या नि ब्रिटनमधल्या इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह रॉकचं उदाहरण घेणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे निवृत्त तत्त्वज्ञानवाले रॉककडे कुठे वळले? तर रॉक आमच्याच तरुणपणातलं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, निवाडा कसा करावा हा प्रश्न इथे जितका उघडानागडा दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसतो.

कारण इथे गुण मिळतात. १९९६ साली सुरू झालेलं ‘पिचफोर्क’ प्रत्येक नव्या अल्बमला ०.० ते १०.० असे गुण देतं. म्हणजे एकूण १०१ पायऱ्या झाल्या. आता ७.८ आणि ७.९ यांत फरक काय? आम्ही जन्मभर पेपर तपासले. एकोणपन्नासाचे पन्नास करताना हात कसा अडखळतो, ते आम्हाला ठाऊक आहे. पण आमच्यापुढे निदान एक आदर्श उत्तर असायचं. नव्या अल्बमचं आदर्श उत्तर कुणाकडे असतं? ते असतं, तर तो अल्बम नवा कसला?

आता एक ठोस प्रसंग बघू. ऑक्टोबर २०००. ‘ओके कंप्युटर’नंतर तीन वर्षांनी रेडिओहेडचा ‘किड ए’ आला. गिटार मागे सरलेली, सिंथेसायझर पुढे आलेला, गायकाचा आवाज यंत्रातून पिळून काढलेला. ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ने पाचपैकी दीड दिला, आत्मतुष्ट, रडका कचरा, असा एकूण सूर. ‘पिचफोर्क’ने दिले पैकीच्या पैकी, १०.०. पुढे दशक संपताना ‘पिचफोर्क’ आणि ‘रोलिंग स्टोन’ या दोघांनीही त्या दशकातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्यालाच पहिला क्रमांक दिला.

म्हणजे पहिला समीक्षक चुकला, दुसरा बरोबर ठरला, असंच ना? जरा थांबा. ‘आत्मतुष्ट’ हे विशेषण कुणाचं? माणसांचं. सुरांविषयी त्यातून काही कळत नाही. पण १०.० देणारं परीक्षण तरी काय करतं? ते इटलीतल्या मैफलीच्या आणि आकाशातल्या ताऱ्यांच्या भरजरी वर्णनाने भरलेलं आहे. पुढे ते थट्टेचाही विषय झालं. प्लेटोच्या ‘मेनो’मध्ये लारिसाच्या वाटेचं उदाहरण आहे. ज्याला वाट खरंच माहीत आहे तोही पोचतो, आणि ज्याचा अंदाज बरोबर निघाला तोही पोचतो. पण अंदाजाला कारणांचा खुंटा नसतो, म्हणून तो हातून निसटतो. समीक्षेतही बरोबर निकाल आणि चांगली समीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग चांगलं कारण कसं असतं? त्याच अल्बममधलं पहिलं गाणं घ्या. एखादा समीक्षक म्हणाला, की इथलं आवर्तन दहा ठोक्यांचं आहे. तुम्ही चार-चारांत मोजायला जाल तर सम तुमच्या हातून सटकेल. (दहा म्हटल्यावर आपल्याला झपताल आठवेल, पण ते वजन इथे नाही बरं का.) आणि पुढे म्हणाला, की आवाजाचे तुकडे मूळ गायनाच्या भोवती कसे विखुरलेत ते ऐका, सगळं जागच्या जागी आहे असं सांगणारं हे गाणं कशालाच जागेवर राहू देत नाही. आता तुम्ही परत ऐकाल, तर काहीतरी वेगळं ऐकू येईल. किल्ली सापडते ती अशी.

अर्नोल्ड आयझेनबर्ग या तत्त्वज्ञाने १९४९ साली हाच मुद्दा मांडला. समीक्षकाचं कारण हा काही नियम नसतो. ‘दहा ठोके आहेत, म्हणून अल्बम चांगला’ असा सिद्धान्त कुणीच मांडत नाही. दहा ठोक्यांची भिकार गाणी खुशाल असतील. समीक्षकाचे शब्द आपलं लक्ष एका जागी नेऊन ठेवतात. पडताळा आपल्या कानांनी घ्यायचा असतो. कांटच्या भाषेत, सौंदर्याचा निवाडा सर्वांच्या संमतीवर दावा सांगतो, पण ती पुराव्याने वसूल करू शकत नाही. (ही चर्चा मराठीतून वाचायची, तर रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ आहेच.) गुणांचा आकडा मात्र नेमकं उलटं करतो. दावा ठेवतो, बोट दाखवणं टाळतो.

सरासरीचा प्रकार तर आणखी गमतीचा. ‘मेटाक्रिटिक’ सगळ्यांच्या मतांचे आकडे करून त्यांची सरासरी मांडतं. एकाने शंभर दिले, एकाने चाळीस, सरासरी सत्तर. हे सत्तर कुणाचं मत? कुणाचंच नाही! दोन माणसांचं खरंखुरं भांडण होतं, ते आपण पुसून टाकलं आणि त्याला निष्कर्ष म्हटलं.

इथवर हा ज्ञानशास्त्राचा प्रश्न झाला. आता नीतीचा.

‘डिसमेंबरमेंट प्लॅन’ नावाचा वॉशिंग्टनचा बँड होता. त्यांच्या १९९९च्या अल्बमला ‘पिचफोर्क’ने ९.६ दिले होते. बँड विसर्जित झाल्यावर गायक ट्रॅव्हिस मॉरिसन यांनी २००४ साली ‘ट्रॅव्हिस्टन’ हा एकट्याचा अल्बम काढला. त्याला मिळाले ०.०. मॉरिसन यांनी पुढे सांगितलं, की परीक्षण आलं त्या दिवसापर्यंत श्रोत्यांना ते आपले वाटत. त्यानंतर एका रात्रीत नजरा बदलल्या. समोरची माणसं जणू विचारात पडलेली, की आपण इथे असावं की नाही. म्हणजे बघा, गाणी कालची तीच होती. बदलला तो ऐकणाऱ्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास.

लिझ फेअर यांचंही तसंच. १९९३च्या पहिल्या अल्बमने त्या समीक्षकांच्या गळ्यातला ताईत झाल्या. २००३ साली त्यांनी लोकप्रिय पॉपच्या वळणाचा अल्बम काढला, आणि मिळाले ०.०. शून्याचा अर्थ काय होतो? इथे ऐकण्यासारखं काहीच नाही. एखादा अल्बम वाईट असू शकतो, आणि तसं स्पष्ट सांगणं समीक्षकाचं कामच आहे. पण त्या शून्याने अल्बमपेक्षा अपेक्षाभंगच मोजला, असं आम्हाला वाटतं. बाईंनी दहा वर्षांपूर्वीचीच बाई राहायला हवं होतं! २०१९ साली त्या समीक्षकाने स्वतःहून जाहीर माफी मागितली आणि आपला सूर तुच्छतेचा होता हे कबूल केलं. फेअर यांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली. २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’ने एकोणीस अल्बमांचे गुण बदलले, त्यात या शून्याचे ६.० झाले.

आम्हाला माफीचं मोल वाटतं, गुणबदलाचं कमी. माफी कारण सांगते: मी असं ऐकलं, ते का चुकलं. नवा आकडा जुन्या आकड्याइतकाच मुका. इंटरपोलच्या पहिल्या अल्बमचे तेव्हाच ९.५ वरून ७.० झाले. उद्या वारं फिरलं, तर परत चढतील.

मग समीक्षक नकोतच का? तसं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’ ‘जीक्यू’ मासिकात विलीन करण्याचं त्याच्या मालकांनी जाहीर केलं; अनेकांनी श्रद्धांजली वाहून टाकली. त्यानंतर काही आठवड्यांतच सिंडी ली या नावाने पॅट्रिक फ्लेगेल यांचा ‘डायमंड जुबिली’ आला. बत्तीस गाणी, दोन तासांहून जास्त ऐवज, नेहमीच्या स्ट्रीमिंग सेवांवर नाही, जाहिरातीचा पत्ता नाही. ‘पिचफोर्क’ने ९.१ दिले आणि तो दूरवर पोचला. आकड्याने दार उघडलं, हे मान्यच केलं पाहिजे. यंत्र आपल्याला जे आवडतं तेच पुन्हा वाढतं. अनोळखी पानावर बसवायला अजून माणूस लागतो. पण दारातून आत गेल्यावर दोन तास बसून ऐकणं आपल्यालाच करायचं असतं, आणि तिथे ९.१चा काही उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी येताना एवढं करा. एक नवा अल्बम निवडा. गुण न बघता दोनदा ऐका आणि आपल्याला काय ऐकू आलं ते चार ओळींत लिहा. मग परीक्षण वाचा. त्यातल्या एका जरी वाक्याने तिसऱ्यांदा ऐकताना काही नवं ऐकू आलं, तर तो समीक्षक धरून ठेवा, त्याचे गुण पटोत न पटोत. ते कागद घेऊन या. पुढचं व्याख्यान आपण त्यांच्यापासूनच सुरू करू.