संहितेचे चिन्हांकन आणि अर्थनिर्णय

अंकीय ग्रंथात शीर्षक, परिच्छेद, ओळ, पाठभेद यांवर खुणा करणे हे निव्वळ तांत्रिक काम मानले जाते. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने अशा खुणांची सामाईक परिभाषा सिद्ध केली आणि अभ्यासकाला तीत स्वतःच्या खुणांची भर घालण्याची मुभाही ठेवली. १९९० मध्ये डीरोझ, ड्युरँड, मायलोनास आणि रेनियर यांनी, संहिता ही घटकांची क्रमबद्ध उतरंड होय, अशी भूमिका मांडली. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये मात्र वाक्य अनेकदा ओळीच्या मध्यावर सुरू होते आणि काही ओळी ओलांडून संपते. एकाच उतरंडीत ओळ अखंड ठेवली, तर वाक्याचे तुकडे करावे लागतात किंवा त्याच्या केवळ सीमा दाखवाव्या लागतात. पुढे या चौघांपैकी तिघांनीच ही अडचण मान्य करून मूळ भूमिकेला मुरड घातली. छंद आणि अन्वय यांपैकी प्राधान्य कशाला द्यावे, हा प्रश्न अखेर समीक्षेचाच आहे. मुद्रित प्रतीत संपादकाची अशी निवड बहुधा अदृश्य राहते. लवचीक चिन्हांकनात ती नोंदवली जाते, म्हणूनच तिच्याशी वाद घालता येतो. त्याचे वाङ्मयीन मोल येथे आहे.