'कसे करावे' या लेखनातील विषयनिवड

शाळेतील लेखनशिक्षणाचा विचार करताना निबंध, पत्र व गोष्ट या प्रकारांकडे जेवढे लक्ष पुरविले जाते, त्या मानाने एखादे काम कसे करावे हे क्रमवार सांगणाऱ्या लेखनाची उपेक्षाच होते. या प्रकारास सोयीसाठी कृतिलेखन म्हणता येईल. मुलांचे कृतिलेखन फसले, की त्याचा दोष वाक्यरचनेच्या वा शुद्धलेखनाच्या माथी मारण्याची रीत आहे. वस्तुतः तो दोष पुष्कळदा विषयनिवडीतच घडून गेलेला असतो. म्हणजे लेखणी कागदाला टेकण्यापूर्वीच.

या दोषाचे एक मूळ मराठीच्या व्याकरणात आहे. विध्यर्थाचे '-आवे' हे रूप कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा अशा अनेक अर्थच्छटा दाखविते, हे शालेय व्याकरणही सांगते. कृती सांगण्यासाठीही मराठीत हेच रूप रूढ आहे. 'कणीक सैलसर मळावी' आणि 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' ही दोन वाक्ये रूपाने सख्खी भावंडे. अर्थाने मात्र त्यांचे गोत्रही एक नाही. पहिले वाक्य पाकक्रियेतील एक पायरी आहे, दुसरे नीतिवचन. त्यामुळे 'कसे करावे' असा मथळा दिला, की तो मुलाला कृतीकडे नेईल की उपदेशाकडे, हे सर्वस्वी मथळ्यातील उरलेल्या शब्दांवर अवलंबून राहते.

रॉबर्ट लाँगेकर यांनी 'द ग्रामर ऑफ डिस्कोर्स' (१९८३) या ग्रंथात संहितांचे जे वर्गीकरण केले, ते येथे उपयोगी पडते. कर्त्यावर रोख आहे की नाही, आणि एका घटनेवर दुसरी अवलंबून असणारा कालक्रम आहे की नाही, या दोन कसोट्या त्यांनी मूलभूत मानल्या. कथेत दोन्ही असतात. कृतिकथनात क्रम असतो, पण कर्त्यावर रोख नसतो. उपदेशात कर्त्यावर रोख असतो, पण क्रम नसतो. म्हणजे या वर्गीकरणात कृतिकथन आणि उपदेश हे दोन्ही कसोट्यांवर परस्परांच्या नेमके उलट बाजूस पडतात, आणि मराठीने त्या दोघांना क्रियापदाचे एकच रूप देऊन ठेवले आहे! 'वेळेचा सदुपयोग कसा करावा', 'आरोग्य कसे राखावे' यांसारखे विषय कृतिलेखन म्हणून देणाऱ्याच्या हे ध्यानात आलेले नसते. अशा लेखनातील वाक्ये खालीवर केली तरी काही बिघडत नाही. कणकेच्या बाबतीत पाणी पिठाआधी घातले तर बिघडते. विषयाची एवढी एक परीक्षा जरी आधी केली, तरी निम्मे नापीक विषय गळून पडतील.

दुसऱ्या जातीचे विषय दिसावयास निर्दोष असतात. म्हणून अधिक फसवे. 'पुरणपोळी कशी करावी' हा त्यांचा नमुना. त्यात वस्तू आहे, क्रम आहे, शेवटही आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलाने पुरणपोळी पाहिलेली व खाल्लेली असते, केलेली नसते. 'डाळ शिजवावी, पुरण वाटावे' येथपर्यंत लेखन चालते आणि मग एकाएकी 'आई पोळी लाटते' असे वाक्य येते. शिक्षक ते तांबड्या शाईने 'पोळी लाटावी' असे सुधारतो. ही सुधारणा व्याकरणदृष्ट्या बरोबर आणि अध्यापनदृष्ट्या व्यर्थ होय. 'लाटते' हे रूप म्हणजे चूक नव्हे, ती साक्ष आहे: येथे मुलाचे हाताचे ज्ञान संपले व डोळ्यांचे सुरू झाले, एवढे ती सांगते. ते रूप खोडण्याऐवजी विषय बदलणे हाच त्यावरचा उपाय.

याउलट 'वहीला कव्हर घालणे' हा विषय घ्यावा. जून महिन्यात हे काम पुष्कळ मुले स्वतः करतात. काम लहान आहे, पुरे झाले की पुरे झालेले दिसते, आणि चुकले तर वही मिटत नाही. लिहू लागल्यावर मात्र मूल अडते. बोलताना 'इकडून दुमडायचे, मग हे आत सारायचे' असे हाताने दाखवून भागत होते. कागदावर हात दिसत नाही. 'इकडून' म्हणजे पुठ्ठ्याच्या कडेकडून की शिवणीकडून? 'हे' म्हणजे वरचा पदर की बाजूचा? दर्शक शब्दांच्या जागी नामे आणावी लागतात, आणि ती शोधताना मुलाला वाचक नावाच्या समोर नसलेल्या माणसाची पहिली खरी जाणीव होते. पुरणपोळीच्या विषयात ही अडचण उद्भवतच नाही, कारण तेथे शब्द उसने मिळतात. चांगला विषय मुलाला योग्य ठिकाणी अडवितो, असे म्हणावयास हरकत नाही.

विषय कोणी निवडावा, हा वाद जुना आहे. डोनल्ड ग्रेव्ह्ज यांनी 'रायटिंग : टीचर्स अँड चिल्ड्रेन ॲट वर्क' (१९८३) या पुस्तकात मुलाने स्वतः विषय निवडण्याचा जोरदार पुरस्कार केला. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी प्रभृतींनी असा आक्षेप घेतला, की मोकळीक दिली म्हणजे मुले बहुधा स्वानुभवाच्या हकिगतींतच फिरत राहतात आणि इतर लेखनप्रकार त्यांच्या हाती लागत नाहीत. कृतिलेखनापुरते बोलावयाचे तर दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र नांदू शकते. प्रकार शिक्षकाने ठरवावा. काम मुलाने निवडावे. 'कोणत्याही विषयावर लिहा' ही आज्ञा मुलाला मोकळे करीत नाही, गोंधळविते. आणि फळ्यावरील तयार यादी वर्गातील निम्म्या मुलांना परक्याच्या घरात नेऊन बसविते.

ही शेवटची गोष्ट गौण नव्हे. 'केक', 'भेटकार्ड', 'फुलदाणी' अशी यादी दिली, की वर्गात जाणते कोण हे यादीनेच ठरविले जाते. ज्या मुलीला कडब्याची पेंडी बांधता येते, आळ्याला पीळ किती द्यावा म्हणजे तो तुटणार नाही हे जिच्या बोटांना ठाऊक आहे, तिला 'मला काही येत नाही' असे वाटू लागते. येथे शिक्षकाच्या प्रश्नाचा शब्दही महत्त्वाचा आहे. 'तुला काय छान करता येते?' या प्रश्नाला मूल बक्षीस मिळेल असे उत्तर शोधते. 'काल शाळा सुटल्यापासून आज शाळा भरेपर्यंत हातांनी काय काय केलेस?' असे विचारले तर चूल पेटविणे, लसूण सोलणे, भोवऱ्याला जाळी गुंडाळणे, धाकट्याला झोपविणे अशी उत्तरे येऊ शकतात. त्यांतून मग निवड करावी. धाकट्याला झोपविणे मोहक असले तरी त्याच्या पायऱ्या रोज बदलतात, सबब ते कथेकडे सोपवावे. लसूण सोलणे फार तर तीन वाक्यांत आटोपते. भोवरा व चूल टिकतात.

असे विषय आले म्हणजे त्यांच्याबरोबर 'आळा', 'आर', 'जाळी', 'फुंकणी' हे शब्दही वहीत येतात. शिक्षकाला त्यांतील काही अपरिचित असण्याचा संभव आहे. अशा वेळी शब्दाखाली तांबडी रेघ न ओढता समासात 'म्हणजे काय?' एवढेच लिहावे. उत्तर देण्यासाठी मुलीला आणखी एक वाक्य लिहावे लागेल, आणि पेंडीच्या कृतीत उणे असलेले वाक्य बहुधा तेच निघेल.