निरोपाचें संगीत

तरुणांच्या दुःखाची थट्टा करणें ही प्रौढांची फार जुनी हौस आहे. विसाव्या-एकविसाव्या वर्षीं होणारी मित्रांची ताटातूट, तुटलेलें प्रेम, शिक्षण संपून उद्यांचा दिवस कोरा दिसूं लागला म्हणजे मनास येणारी उदासी, हीं सारीं दुःखें संसाराचे चटके सोसलेल्या माणसास पोरकट वाटतात. 'ईमो' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संगीताच्या वांट्यास जो उपहास आला आहे, त्याचें मूळ बव्हंशीं या वृत्तींत आहे. हें संगीत म्हणजे रडगाणें, असा एक शेरा मारला कीं टीकाकाराचें काम संपतें. परंतु दुःख लहान कीं मोठें हा प्रश्न नीतिशास्त्राचा असेल. तें कलेंत नीट उतरलें कीं नाहीं, एवढेंच टीकाकारानें पाहावयाचें असतें. या कसोटीवर घांसून पाहण्याजोगी एक ध्वनिमुद्रिका 'अमेरिकन फुटबॉल' या बँडची आहे. तिचें नांवही बँडचेंच. ती १९९९ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली आणि त्याच सुमारास तो बँड मोडला.

प्रथम या प्रकाराची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकांत वॉशिंग्टन शहरीं हार्डकोर पंक नांवाचें अतिशय वेगवान व कर्कश संगीत जोरांत होतें. सत्ता व समाज यांवरील संताप हा त्याचा मुख्य विषय. १९८५ सालीं 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या बँडनें तोच आवेश अंतर्मुख केला. राग बाहेरच्या जगावर न काढतां स्वतःच्या मनांतील खळबळ उघड करण्याकडे त्यांचा कल होता. 'भावनाप्रधान' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें लघुरूप म्हणजे ईमो. ज्यांना तें चिकटविण्यांत आलें त्यांना तें मुळींच रुचलें नाहीं. पुढें १९९४ सालीं सिॲटल येथील 'सनी डे रिअल इस्टेट' या बँडच्या 'डायरी' या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेनें या संगीतास अधिक विस्तृत व स्वरमधुर रूप दिलें. त्या काळांत शिकागोच्या परिसरांत 'कॅप्न जॅझ' नांवाचा एक पोरसवदा बँड धुमाकूळ घालीत होता. त्यांत ड्रम वाजविणारा माइक किन्सेला हाच पुढें 'अमेरिकन फुटबॉल'चा गायक झाला.

इलिनॉय राज्यांत शॅम्पेन व अर्बाना हीं जोडगांवें आहेत. चोहोंकडे मक्याचीं व सोयाबीनचीं सपाट शेतें आणि मधोमध मोठें विद्यापीठ. तेथें शिकणारे तिघे तरुण या बँडमध्यें होते: किन्सेला, दुसरा गिटारवादक स्टीव्ह होम्स, आणि ड्रम व ट्रंपेट वाजविणारा स्टीव्ह लॅमॉस. १९९८ सालीं तीन गाण्यांची एक छोटी मुद्रिका काढल्यावर त्यांनीं अर्बाना येथेंच हीं नऊ गाणीं मुद्रित केलीं, व 'पॉलिव्हायनल' या त्याच भागांतील लहानशा कंपनीनें तीं बाहेर काढलीं. विद्यार्थिदशा संपत आली होती. बँडचा संसार पुढें चालवावयाचा असा बेत नव्हता. कीर्तीची आशा नाहीं, श्रोत्यांस खूष करण्याची निकड नाहीं, अशा स्थितींत हीं गाणीं तयार झालीं. निरोपाचा विषय आणि निरोपाचा प्रत्यक्ष प्रसंग यांची अशी गांठ कलेच्या क्षेत्रांत क्वचितच पडते.

आतां संगीताकडे वळूं. 'नेव्हर मेंट' हें पहिलें गाणें प्रसिद्ध आहे. त्यांत गिटारीच्या तारा नेहमींच्या रीतीनें लावलेल्या नाहींत. पाश्चात्य स्वरनामांनीं सांगावयाचें तर त्या खालून वर एफ, ए, सी, जी, सी, ई अशा जुळविल्या आहेत. एफ हा षड्ज धरला तर षड्ज, गांधार, पंचम, ऋषभ, पंचम, निषाद असे स्वर मिळतात, व ते सारे शुद्ध आहेत. तंबोरा ऐकलेल्या आमच्या वाचकांस याचें मर्म लगेच कळेल. तंबोऱ्याच्या तारा श्रोत्यास पुनःपुन्हां षड्जावर आणून निश्चिंत करतात. येथें मोकळ्या तारांवरून नुसतें बोट फिरविलें तरी एक गोड पण अपुरा स्वरसमूह निनादतो, कारण सर्वांत वरची तार निषादावर थांबते. निषादाची ओढ षड्जाकडे असते. तो उंबरठ्यावर उभा असतो. एक पाऊल टाकलें कीं घर, पण तें पाऊल पडत नाहीं. जें कांहीं बोलावयाचें राहून गेलें त्याविषयींचें हें गाणें, आणि तारांची जुळणीही राहून गेलेल्या स्वराची. आशय व तंत्र यांचें हें ऐक्य त्या विशीच्या पोरांनीं जाणून साधलें कीं सहज साधलें, याची चिकित्सा आम्हांस अनावश्यक वाटते. तें साधलें आहे, हें कान सांगतो.

दुसरा विशेष मांडणीचा. सामान्य रॉक संगीतांत एक गिटार तालाचा भार उचलते व दुसरी मिरवते. येथें दोन्ही गिटारी सुटे सुटे स्वर छेडीत एकमेकींच्या सांध्यांतून वाट काढतात. कांहीं गाण्यांत त्यांचीं आवर्तनें निरनिराळ्या लांबीचीं असल्यामुळें सम केव्हां पडेल याची श्रोत्यास उत्कंठा लागून राहते. लहान स्वराकृतींच्या पुनरावृत्तींतून मोठी इमारत उभारणारे अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांचा प्रभाव या मंडळींनीं स्वतः मान्य केलेला आहे. लॅमॉसचा ड्रम पंकप्रमाणें घणाचे घाव घालीत नाहीं. तो जॅझच्या हलक्या हातानें तालाचे तुकडे पाडतो. 'द समर एंड्स' व 'फॉर शुअर' या गाण्यांत त्याचें ट्रंपेट येतें. तें विजयाचें वाद्य, परंतु येथें त्याचा स्वर दुरून, संथ व एकाकी ऐकूं येतो. 'स्टे होम' हें गाणें आठ मिनिटांहून मोठें आहे. त्यांत कंठ फार उशिरां उमटतो, व तोंपर्यंत गिटारींनीं जें सांगावयाचें तें बहुतेक सांगून टाकलेलें असतें. नवांपैकीं दोन रचनांत तर शब्दच नाहींत. ज्या संगीतप्रकारावर अतिबोलकेपणाचा आरोप आहे, त्याच्या एका मान्यवर कृतीचा मुख्य गुण मितभाषण असावा, ही गोष्ट आरोप करणारांनीं लक्ष्यांत घ्यावी.

शब्दांविषयीं मात्र आम्ही इतकें उदार होऊं शकत नाहीं. ते रोजनिशींतून उचलल्यासारखे आहेत. त्यांत प्रतिमा थोड्या, विचार अर्धवट, कोठें कोठें केवळ कुमारवयाचा बडिवार. कागदावर ते वाचले तर आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें पाठविलेल्या पहिल्या कवितेप्रमाणें ते साभार परत जातील. पण गाण्याचे शब्द कागदावर तोलणें हा अन्यायच. किन्सेलाचा आवाज बारीक, अशिक्षित, वरच्या स्वरांत ताणला जाणारा आहे, आणि ओळी त्याच्या तोंडून जशा अडखळत येतात तसा विशीचा माणूस खरोखरच बोलतो. आमच्या साहित्यशास्त्रानें करुण व विप्रलंभ यांत भेद केला तो पुनर्मीलनाच्या आशेवरून. या गाण्यांतील भाव दोहोंतही नीट बसत नाहीं. येथें कोणी मेलेलें नाहीं, आणि पुन्हां भेटावें अशी तळमळही नाहीं. ज्याचा शोक करावयाचा तें प्रेम मुळांत होतें कीं नाहीं, याचीच शंका आहे. स्थायीभावच संशयित, अशी ही मनःस्थिति आहे. ती तरुण वयाची खास आहे व तिला नांव देणें कठीण आहे. अशा मनाला अस्खलित वाणी दिली असती तर ती खोटी ठरली असती.

या प्रकारावर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. २००३ सालीं जेसिका हॉपर या टीकालेखिकेनें 'पंक प्लॅनेट' या नियतकालिकांत विचारलें कीं, या गाण्यांत स्त्रिया आहेत कोठें? तरुण गातो, तरुण रडतो. स्त्री केवळ त्याच्या जखमेचें कारण म्हणून येते. तिला नांव नाहीं, स्वतःचें आयुष्य नाहीं, उत्तर देण्याची सोय नाहीं. हा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो, आणि प्रस्तुत ध्वनिमुद्रिकाही त्यांतून सर्वस्वीं सुटत नाहीं. ज्या 'तूं'ला उद्देशून ही गाणीं आहेत ती 'तूं' एकदांही बोलत नाहीं. एवढें खरें कीं, येथें तिच्यावर आग पाखडलेली नाहीं. दोष वांटून घेण्याची, पुष्कळदां स्वतःकडे घेण्याची वृत्ति आहे. पुढें ईमो मोठ्या व्यापाराच्या हातीं गेल्यावर जो द्वेष पुष्कळ गाण्यांत शिरला, त्याचा येथें मागमूस नाहीं. तरीही आमच्याकडील ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवल्या म्हणजे उणीव डोळ्यांत भरते. तेथें पुरुष कवि विरहिणीची भूमिका स्वतः घेतो, तिच्या तोंडून बोलतो. दुसऱ्याच्या मनांत शिरण्याचें हें साहस 'अमेरिकन फुटबॉल'मध्यें नाहीं. ही त्याच्या कलेची मर्यादा आहे व ती लहान नाहीं.

या ध्वनिमुद्रिकेचें उत्तरचरित्र मोठें चमत्कारिक आहे. बँड उरला नव्हता. तरी ऐकणारांनीं तिला जिवंत ठेवलें. एका पिढीनें दुसरीच्या हातीं ती दिली, आणि २०१० च्या सुमारास ईमोचें जें पुनरुज्जीवन झालें त्यांत तारांची ती विशिष्ट जुळणी जणूं या प्रकाराचें व्याकरणच होऊन बसली. २०१४ सालीं ध्वनिमुद्रिका पुन्हां निघाली व जुने सवंगडी एकत्र येऊन वाजवूं लागले. २०१६ व २०१९ सालीं त्यांनीं आणखी दोन काढल्या. लॅमॉस तोंपर्यंत कोलोरॅडो विद्यापीठांत प्राध्यापक झाला होता. मुखपृष्ठावर अर्बानांतील एका साध्या घराचें क्रिस स्ट्राँग यांनीं घेतलेलें छायाचित्र आहे: रात्रीची वेळ, आणि वरच्या मजल्यावरील एका खिडकींत उजेड. त्या घरापुढें उभे राहून छायाचित्र काढून घेण्यास दूरदूरची मंडळी जातात. अखेर २०२३ सालीं बँड, कंपनी व इतर सहकारी यांनीं मिळून तें घरच विकत घेतलें, तें पाडलें जाऊं नये म्हणून.

भक्तीचा हा प्रकार पाहून कोणी हंसेल. आम्हांस त्यांत हंसण्याजोगें जितकें दिसतें तितकेंच चिंता करण्याजोगेंही दिसतें. निरोपाची कला निरोप घेऊं देण्यासाठीं असते. तिच्या खिडकीखालीं जन्मभर उभे राहणारा मनुष्य तिचा रसिक नव्हे, कैदी होय. पुष्कळ अनुकरणकारांनींही हेंच केलें: त्यांनीं तारा जुळवून घेतल्या, उदासी घेतली, पण संयम घेतला नाहीं. मूळ कृतीकडे पाहिलें तर ती कोणालाही अडवून ठेवीत नाहीं. सुमारें चाळीस मिनिटें ती वाजते. तिची शेवटची रचना शब्दहीन आहे, व ती कांहीं सिद्धांत न सांगतां निघून जाते.

ही ध्वनिमुद्रिका थोर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. नऊ गाण्यांची चाल एकाच अंगाची असल्यामुळें मध्यंतरीं ती मंदावते, शब्द दुबळे आहेत, आणि तिच्या जगांत एकाच माणसापुरती जागा आहे. पण ती खरी आहे. ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी शिक्षण संपवून मुकाट्यानें परत येते, जेवतांना कांहीं बोलत नाहीं, आणि खोलीचें दार लावून असलें संगीत ऐकत बसते, त्या घरांतील वडील मंडळींनीं थट्टा करण्यापूर्वीं एकदां हीं गाणीं स्वस्थपणें ऐकावींत, अशी आमची शिफारस आहे. तीं आवडलीं नाहींत तरी हरकत नाहीं. दाराआड काय चाललें आहे तें मात्र बरेंचसें कळेल.