एडगर ली ह्यूएट यांचे प्वेब्लोविषयक संशोधन आणि संस्थानेतृत्व : एक चिकित्सा

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्राचीन प्वेब्लो वसाहतींच्या अभ्यासात एडगर ली ह्यूएट (१८६५-१९४६) यांचे नाव टाळता येत नाही. न्यू मेक्सिकोतील लास व्हेगास येथील नॉर्मल विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष (१८९८-१९०३). १९०६ च्या पुरावशेष कायद्याचा मसुदा त्यांनीच केला. सांता फे येथील पुरातत्त्व संस्था (१९०७) आणि न्यू मेक्सिको संग्रहालय (१९०९) यांचेही ते संस्थापक-संचालक होत. प्रश्न असा की, या कर्तृत्वाच्या प्रकाशात त्यांचे संशोधन नीट तपासले जाते काय?

१९०८ मध्ये जिनिव्हा विद्यापीठात सादर केलेल्या फ्रेंच प्रबंधात त्यांनी वाळवंटी प्रदेशातील प्राचीन समुदायांचा भौगोलिक विस्तार व समाजरचना हा विषय घेतला. सुंदर मडकी गोळा करण्यात संग्रहालये गुंतलेली असताना त्यांनी अभ्यासाचे एकक म्हणून ‘समुदाय’ स्वीकारला, हे त्यांचे खरे श्रेय. मात्र कालक्रमाचे साधन त्यांच्या हाती नव्हते आणि पुढे ते उपलब्ध झाल्यावरही त्यांनी ते मनापासून स्वीकारले नाही. गॅलिस्टिओ खोऱ्यात नेल्स नेल्सन यांनी आणि १९१५ पासून पेकोस येथे आल्फ्रेड किडर यांनी स्तरनिहाय उत्खननाची पद्धत रुजवली. किडर १९०७ मध्ये ह्यूएट यांच्याच हाताखाली क्षेत्रकार्य शिकले होते! स्तरांचा विचार नसला की शतकानुशतके घडत-मोडत गेलेली वस्ती एकाच काळातील भासते. संस्थांचा व्याप वाढत असता पद्धतीचा पुनर्विचार मागे पडला, असे मला वाटते. प्रशासन सांभाळून संशोधन करणाऱ्या आपणा प्राध्यापकांना हे अपरिचित नाही.

याहून गंभीर आक्षेप कायद्यासंबंधी आहे. त्याने अवशेषांच्या लुटीला पायबंद घातला, हे निर्विवाद. परंतु उत्खननाची परवानगी पात्र संस्थांना आणि सापडलेल्या वस्तू सार्वजनिक संग्रहालयांना, अशी व्यवस्था करताना वंशज समुदायांच्या संमतीचा त्यात उल्लेखही नाही. ह्यूएट यांनी तेवा परंपरांची नोंद घेतली नाही, असे नाही. फ्रिहोलेस दरीतील उत्खननात सान इल्देफोन्सोचे पुरुष खोदकाम करीत होते. प्राचीन भांड्यांच्या धर्तीवर भांडी घडविण्यास त्यांनी मारिया मार्टिनेझ यांना प्रवृत्त केले. श्रम आणि कौशल्य स्वीकारले गेले. निर्णयाचा अधिकार मात्र संस्थेकडेच राहिला. तो अंशतः तरी बदलण्यास १९९० चा प्रत्यार्पण कायदा यावा लागला. १९९९ मध्ये, किडर यांनी पेकोस येथून नेलेले सुमारे २,००० व्यक्तींचे अस्थिअवशेष हेमेस प्वेब्लोच्या लोकांनी परत आणून तेथेच पुन्हा भूमीत ठेवले.