थाई लोकखेळणी आणि सर्जनशील अर्थव्यवस्था : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : लोकखेळणी, हस्तकौशल्य, सर्जनशील अर्थव्यवस्था, बौद्धिक संपदा, थायलंड.

प्रस्तावना :
लोकसंस्कृतीच्या अभ्यासात गीते, कथा व विधी यांना मिळालेले स्थान खेळण्यांच्या वाट्याला क्वचितच आले. सर्जनशील अर्थव्यवस्थेच्या संकल्पनेने मात्र हस्तनिर्मित खेळण्यांकडे 'सांस्कृतिक भांडवल' म्हणून पाहण्यास सुरुवात केली. जॉन हॉकिन्स यांचा या विषयावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी थायलंडमध्ये 'एक तांबोन, एक उत्पादन' ही योजना सुरू झाली. तांबोन म्हणजे काही गावांचा मिळून होणारा प्रशासकीय गट. पुढे २००९ मध्ये 'क्रिएटिव्ह थायलंड' धोरण जाहीर झाले आणि २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र शासकीय संस्था स्थापन झाली. या चौकटीत लोकखेळण्यांचे नेमके काय टिकते आणि काय निसटते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अयुथ्या येथील 'प्ला तफियन' हे विणलेले मासे या संदर्भात प्रथम विचारात घ्यावे लागतात. ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या पट्ट्यांपासून एक मोठा व अनेक लहान मासे विणून ते पाळण्यावर टांगण्याची प्रथा आहे. भाताचे पीक तयार होते त्या काळात हा मासा पुष्ट होतो. म्हणून तो समृद्धीचे चिन्ह ठरला. बाळाची नजर खिळवणे आणि त्याला शुभ चिंतणे ही दोन्ही कार्ये तो एकाच वेळी करतो. ही वस्तू टिकाऊ, हलकी व रंगविता येण्याजोगी असल्याने बाजारात सहज रुळली. आता ती पाळण्याइतकीच दिवाणखान्यातही शोभेसाठी टांगली जाते. तिचे रूप कायम राहिले, कार्य मात्र बदलले.

याउलट केळीच्या पानाच्या दांड्याचा घोडा पाहावा. पानाचा हिरवा भाग काढून शेपटीपुरता ठेवला जातो, जाड टोक वाकवून डोके व कान केले जातात आणि दोरीचा लगाम बांधला की घोडा तयार होतो. तो बहुधा खेळणारे मूलच करते. दांडा लवकरच सुकतो. मग नवा घोडा करावा लागतो. या पुन:पुन्हा करण्यातूनच कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

धोरणाची मर्यादा येथेच उघड होते. वरील योजनेत उत्पादनांना एक ते पाच तारे देताना निर्यातक्षमता व सातत्यपूर्ण दर्जा यांचा विचार होतो. हॉकिन्स यांच्या मांडणीतही पेटंट, स्वामित्वहक्क, व्यापारचिन्ह व अभिकल्प यांना मध्यवर्ती स्थान आहे. केळीच्या घोड्याला ना निश्चित कर्ता आहे, ना ठरावीक नमुना, ना किंमत. परिणामी जे खेळणे सर्वाधिक सर्जनशील, तेच सर्जनशील अर्थव्यवस्थेच्या हिशेबाबाहेर राहते.

तथापि, बाजाराला सरसकट दोष देणे एकांगी ठरेल. विणकाम करणाऱ्या कुटुंबाला उत्पन्न मिळाले नाही तर विणकामही थांबेल. प्रश्न विक्रीचा नसून, विक्री हाच मूल्याचा एकमेव निकष मानण्याचा आहे. या दृष्टीने चियांग राय प्रांतातील बान पा देत या गावी उभे राहिलेले 'खेळता येणारे संग्रहालय' उद्बोधक ठरते. तेथे गावातील वृद्धांनी केलेली खेळणी काचेआड न ठेवता हाताळण्यासाठी मांडली गेली. त्यामुळे वृद्धांचे ज्ञान केवळ प्रदर्शनाचा विषय न राहता मुलांच्या हाती पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली.

निष्कर्ष :
१. सर्जनशील अर्थव्यवस्था टिकाऊ व विक्रीयोग्य खेळण्यांना आधार देते. परंतु त्यांचे रूपांतर शोभेच्या वस्तूंत होण्याचा धोका असतो.
२. बौद्धिक संपदेची चौकट सामूहिक व अनामिक निर्मितीला पुरेशी लागू पडत नाही.
३. खेळण्याचे जतन म्हणजे वस्तूचे नव्हे, तर करणे व खेळणे या व्यवहाराचे जतन होय. म्हणून उत्पादनाच्या प्रोत्साहनासोबत शालेय शिक्षणातही या कौशल्याला स्थान मिळणे आवश्यक आहे. खेळणी दुकानात उरली आणि ती करणारे मूल उरले नाही, तर त्या यशाला सांस्कृतिक यश म्हणता येणार नाही.