‘माझे चान्सेस किती?’ या आकड्याची उलटतपासणी

आंतरराष्ट्रीय संबंध, म्हणजे आयआर, शिकायला अमेरिकेत जायचं ठरवलेल्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो: जॉर्जटाउनला माझे चान्सेस किती? टफ्ट्सला किती? सोबत मार्क, एसएटीचा स्कोअर, मॉडेल युनायटेड नेशन्समधली बक्षिसं अशी यादी. नेटवर यासाठी कॅल्क्युलेटरही मिळतात. माहिती भरली, बटण दाबलं की समजा ‘२३ टक्के’ असं उत्तर येतं. आज या २३ टक्क्यांचं काय करायचं ते बघू. माझा मुख्य आक्षेप साधा आहे: हे २३ टक्के नेमके कुणाचे, हे त्यात सांगितलेलंच नसतं.

आधी आपली एक सवय. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडला सीईटीचा पर्सेंटाइल, कॅटेगरी आणि पसंतीक्रम हातात असला की गेल्या वर्षीच्या कटऑफवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. का? तर नियम जाहीर असतो आणि जागा त्याच नियमाने भरतात. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत असा जाहीर नियम नाही. तिथे निबंध, शिफारसपत्रं, शाळेची पार्श्वभूमी हे सगळं माणसं बसून वाचतात आणि एक वर्ग ‘रचतात’. आपण जातो कटऑफचं डोकं घेऊन. तिथे कटऑफ नसतो, म्हणून मग कॅल्क्युलेटरच्या आकड्यालाच कटऑफ समजतो.

आता मूळ अडचण. जॉन व्हेन (हो, व्हेन आकृतीवालाच) याने १८६६ साली संभाव्यतेवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं की एकच माणूस एकाच वेळी अनेक गटांत मोडतो आणि गट बदलला की त्याची शक्यता बदलते. उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका कॉलेजला १००० अर्ज आले, १०० जणांना प्रवेश मिळाला. दर १० टक्के. पण १०० अर्जदार माजी विद्यार्थ्यांची मुलं किंवा खेळाडू होते आणि त्यातले ४० आत गेले. उरलेल्या ९०० मधून ६० गेले, म्हणजे दर ७ टक्क्यांहून कमी. या ९०० पैकी २०० जण आर्थिक मदत मागणारे परदेशी होते आणि त्यातले ४ गेले. झाले २ टक्के! कॉलेज एकच, वर्ष एकच, आकडे तीन. कॅल्क्युलेटरने तुम्हाला कुठल्या गटात बसवलं?

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. हार्वर्डवरच्या खटल्यामुळे आतली आकडेवारी बाहेर आली. तिचा अभ्यास पीटर आर्सिडिआकोनो, जोश किन्सलर आणि टायलर रॅन्सम या अर्थतज्ज्ञांनी केला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली मुलं किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं होती. पुढे २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी दाखवलं की एसएटी किंवा एसीटीचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं आयव्ही आणि तशाच मोजक्या कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. हार्वर्ड म्हणजे जॉर्जटाउन नव्हे, मान्य. पण एकूण दरामागे किती वेगवेगळे दर लपलेले असतात, ते यातून स्पष्ट दिसतं.

आयआरच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. जॉर्जटाउनला ‘स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस’ (स्थापना १९१९) या शाखेसाठीच अर्ज करावा लागतो. टफ्ट्सला आधी कॉलेजात प्रवेश आणि मुख्य विषय म्हणून आयआर नंतर ठरवायचा. त्यामुळे ‘टफ्ट्सच्या आयआरचा प्रवेशदर’ ही चीजच अस्तित्वात नाही. कुणी तो आकडा सांगितला तर विचारा, कुठून आणला?

मार्कांचंही तेच. कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता भरतात. त्यातले एसएटीचे आकडे प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे असतात. नाकारलेल्यांचे गुण त्यात नसतातच. तुमचा स्कोअर त्या पट्ट्यात बसला याचा अर्थ एवढाच, की असे गुण असलेली मुलं आत आहेत. तेवढेच गुण असलेली किती मुलं बाहेर राहिली, ते कळायला मार्ग नाही.

मग लोक म्हणतात, दहा ठिकाणी अर्ज करू, एक तरी लागेल. प्रत्येकी १० टक्के धरले तर निदान एक लागण्याची शक्यता ६५ टक्के निघते, गणित बरोबर आहे. पण ते दहा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. निबंध तोच, शिफारसपत्रं तीच, पैशाची गरज तीच. एका ठिकाणी जे आडवं आलं ते बाकीच्या नऊ ठिकाणीही येऊ शकतं. हे ६५ टक्के धरून कुणी भारतातले अर्ज भरायचे सोडले, तर पोराचं अख्खं वर्ष पणाला लागतं.

कॅल्क्युलेटर तपासायची एक सोपी कसोटी आहे. ज्यांना ‘२० टक्के’ सांगितलं, त्यांच्यापैकी खरंच साधारण पाचातल्या एकाला प्रवेश मिळाला का? हवामानाचे अंदाज असेच तपासतात. हा हिशोब जाहीर केलेला नसेल तर तो आकडा मनोरंजन म्हणून बघा. त्यासाठी पैसे मोजू नका.

मग बघायचं काय? पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो घरात बसून सोडवायचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही कॉलेजं ‘नीड-ब्लाइंड’ आहेत, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तरी निवडीत ते बघत नाहीत. टफ्ट्स परदेशी अर्जदारांसाठी ‘नीड-अवेअर’ आहे, तिथे ते बघितलं जातं. म्हणजे मदतीच्या रकान्यात काय लिहिता, यावर तुमचा गट बदलतो. दुसरं, कॉमन डेटा सेटमध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आणि सरासरी किती मदत मिळाली, याचा रकाना असतो (एच-६). कॉलेजने तो भरला असेल तर कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा तो जास्त कामाचा.

आणि यादीत निदान दोन नावं अशी हवीत, जिथे प्रवेशाचा नियम जाहीर आहे, फी घराला झेपते आणि जायला तुम्हाला मनापासून आवडेल. ती दोन नावं आधी लिहा. मग जॉर्जटाउनचा अर्ज खुशाल भरा.